थायोटिमोलिनपासून लोकविज्ञानापर्यंत : रसायनशास्त्राचा संशोधक विद्यार्थी आयझॅक असिमोव्ह

रसायनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेबाहेरच्या वाचकांसाठी लिहावे काय, हा प्रश्न विद्यापीठांच्या आवारात जुना आहे. प्रबंध पूर्ण व्हायचा असतो, प्रयोग फसत असतात, शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेली असते. अशा वेळी मासिकात लेख लिहिणारा विद्यार्थी मार्गदर्शकाच्या नजरेत 'वेळ असलेला' ठरण्याची भीती असते. या प्रश्नाचे सर्वांत परिचित आणि सर्वांत चांगले नोंदले गेलेले उदाहरण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील आहे. १९४७ साली तेथील एका विद्यार्थ्याने अस्तित्वातच नसलेल्या एका रासायनिक संयुगावर शोधनिबंध लिहिला. पुढच्या वर्षी तो एका लोकप्रिय मासिकात छापून आला आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी त्याच विद्यार्थ्याला पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेला सामोरे जावे लागले. विद्यार्थ्याचे नाव होते आयझॅक असिमोव्ह.

असिमोव्ह पुढे विज्ञानकथाकार म्हणून जगभर गाजले. त्यांच्या चारशेहून अधिक पुस्तकांपैकी मोठा भाग मात्र कथांचा नसून सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या माहितीपर पुस्तकांचा आहे. या लेखनाची मुळे त्यांच्या विद्यार्थिदशेतील रसायनशास्त्रात आहेत.

मिठाईच्या दुकानापासून कोलंबियापर्यंत

असिमोव्ह यांचा जन्म १९२० च्या सुमारास रशियातील पेत्रोविची या गावी झाला. जन्मतारीख नक्की ठाऊक नसल्याने ते २ जानेवारी हा आपला वाढदिवस मानत. १९२३ मध्ये कुटुंब अमेरिकेत आले आणि ब्रुकलिनमध्ये स्थिरावले. वडिलांनी मिठाई व वृत्तपत्रांची लहान दुकाने चालवली. दुकानात विक्रीला येणारी मासिके हीच मुलाची पहिली ग्रंथशाळा होती. घरच्यांची इच्छा मुलाने डॉक्टर व्हावे अशी होती; परंतु वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यांना प्रवेश दिला नाही. १९३९ मध्ये कोलंबियातून पदवी घेतल्यानंतर ते रसायनशास्त्राच्या पुढील शिक्षणाकडे वळले. पदवीच्या काळात भौतिक रसायनशास्त्र हा विषय घेतलेला नसल्यामुळे तेथेही अडथळा आला आणि आरंभी सशर्त प्रवेशावर समाधान मानावे लागले.

याच वर्षी त्यांची पहिली कथा छापून आली. १९४१ मध्ये ते एम.ए. झाले आणि त्याच वर्षी 'नाइटफॉल' ही त्यांची अत्यंत गाजलेली कथा प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धामुळे शिक्षण खंडित झाले. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी केली. रॉबर्ट हाइनलाइन आणि स्प्रेग द कॅम्प हे लेखकही तेव्हा तेथेच काम करत होते. त्यानंतर काही महिने सैन्यात काढून १९४६ मध्ये असिमोव्ह कोलंबियात परतले. तेव्हा ते विवाहित होते, मासिकांच्या वाचकांत नाव मिळवलेले होते आणि पीएच.डी. मात्र अजून व्हायची होती.

प्रबंधाचा विषय : चिरलेले वांगे काळे का पडते?

असिमोव्ह यांचे मार्गदर्शक चार्ल्स डॉसन हे होते. प्रबंधाच्या शीर्षकाचा मराठी आशय असा : कॅटेकॉलच्या हवेतील ऑक्सिडीकरणाचे उत्प्रेरण करत असताना टायरोसिनेज निष्क्रिय होण्याच्या क्रियेची गतिकी. एका दमात वाचता न येणाऱ्या या शीर्षकामागचा विषय प्रत्येक स्वयंपाकघरात रोज घडतो.

वांगे, बटाटा, सफरचंद किंवा केळे चिरले की कापलेला भाग थोड्या वेळाने तपकिरी होतो. चिरताना पेशी फुटतात आणि त्यांतील फिनॉल गटातील द्रव्ये, विशिष्ट एन्झाइम म्हणजे विकर आणि हवेतील ऑक्सिजन हे तिघे एकत्र येतात. हे विकर टायरोसिनेजच्या कुळातील असते आणि त्याच्या रेणूत तांब्याचे अणू असतात. कॅटेकॉलसारख्या द्रव्यावर त्याने काम केले की क्विनोन तयार होते आणि क्विनोनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तपकिरी रंग येतो. चिरलेली वांगी पाण्यात टाकली की हवा कमी लागते आणि क्रिया मंदावते. लिंबू पिळले की आम्लामुळे विकराचा जोर कमी होतो आणि लिंबातील क जीवनसत्त्व तयार झालेल्या क्विनोनला पुन्हा मूळ रूपात आणते. भाजी उकळली की विकरच नष्ट होते. माणसाच्या त्वचेला आणि केसांना रंग देणारे मेलॅनिनही टायरोसिनेजच्याच कामातून तयार होते.

क्रिया घडवून आणायची, तिचा वेग वाढवायचा आणि स्वतः मात्र न बदलता शिल्लक राहायचे, असे उत्प्रेरकाचे वर्णन शालेय पुस्तकात असते. टायरोसिनेज या नियमाला पुरते जुमानत नाही. कॅटेकॉलवर काम करता करताच ते निकामी होत जाते. ते कोणत्या वेगाने निकामी होते, हे मोजणे हा असिमोव्ह यांच्या प्रबंधाचा गाभा होता. डॉसन यांच्या प्रयोगशाळेत वेग मोजण्याची जी पद्धत रुळली होती, तीत क जीवनसत्त्वाचाच उपयोग होई. द्रावणात ठरावीक मात्रेत क जीवनसत्त्व घालायचे. ते तयार होणाऱ्या क्विनोनला मागे फिरवत राहते. ते संपले की क्विनोन साचू लागते. मधल्या वेळेवरून विकर किती जोमाने काम करत आहे ते कळते. लिंबू पिळलेले सफरचंद काही काळ पांढरे राहते आणि नंतर तपकिरी होते, त्यामागे बऱ्याच अंशी हेच तत्त्व आहे. या संशोधनावरील असिमोव्ह आणि डॉसन यांचा निबंध १९५० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या प्रबंधातील मुख्य द्रव्याचे नाव मराठी वाचकाच्या परिचयाचे निघते. कॅटेकॉल हे नाव कॅटेच्यू या शब्दावरून आले आहे आणि कॅटेच्यू म्हणजे विड्याच्या पानात पडणारा कात. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून, तो अर्क आटवून कात काढतात. कोकणात हा व्यवसाय जुना असून कातकरी समाजाचे नावही त्यावरूनच पडले. १८३९ मध्ये कातातील एका घटकाला कोरडी उष्णता देऊन कॅटेकॉल पहिल्यांदा वेगळे करण्यात आले. कोलंबियाच्या प्रयोगशाळेतील बाटलीचे नाव असे थेट पानाच्या डब्यापर्यंत पोहोचते.

पाण्याआधी विरघळणारे द्रव्य

कॅटेकॉलचे स्फटिक पांढरे, हलके आणि पिसासारखे असतात. पाण्याच्या पृष्ठभागाला स्पर्श होताच ते दिसेनासे होतात. प्रयोगासाठी रोज हे द्रव्य विरघळवताना असिमोव्ह यांच्या मनात आले, की ते याहून थोडे अधिक विद्राव्य असते तर पाण्याला लागण्यापूर्वीच विरघळले असते.

त्या काळात त्यांना एक वेगळी चिंताही होती. प्रबंध लिहिण्याची वेळ जवळ आली होती. अनेक वर्षे मासिकांसाठी स्वच्छ, सुबोध भाषेत लिहिल्यामुळे प्रबंधाची जड, कर्मणी प्रयोगांनी भरलेली भाषा आपल्याला साधणार नाही, असे त्यांना वाटू लागले. सराव म्हणून त्यांनी ती कल्पनाच शोधनिबंधाच्या साच्यात बसवली. 'थायोटिमोलिन' नावाचे संयुग पाणी घालण्यापूर्वी १.१२ सेकंद विरघळते, असा त्याचा विषय. निबंधात प्रस्तावना होती, प्रयोगाची कृती होती, तक्ते आणि आलेख होते आणि अखेरीस अस्तित्वात नसलेल्या नियतकालिकांची संदर्भसूचीही होती.

विनोद साधला तो तपशिलाच्या काटेकोरपणामुळे. पाणी घालणाऱ्याचा निश्चय डळमळीत असेल तर संयुग विरघळण्यास उशीर करते, अशासारखी निरीक्षणे त्यात पूर्ण गांभीर्याने नोंदलेली आहेत. काही वाचकांनी ग्रंथालयात जाऊन ती काल्पनिक नियतकालिके मागितली, अशी हकीकत पुढे असिमोव्ह सांगत. वरवर निव्वळ गंमत असलेल्या या निबंधाने एक गंभीर गोष्टही दाखवून दिली. शोधनिबंधाचा साचा इतका भारदस्त असतो, की त्यात घातलेली अशक्य गोष्टही काही क्षण खरी वाटते. विज्ञानाची भाषा आणि विज्ञानातील सत्य या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्या वयात ओळखणे पुढे लोकविज्ञान लिहिणाऱ्याला फार उपयोगी पडले.

मौखिक परीक्षेतील शेवटचा प्रश्न

निबंध 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी स्वीकारला. तो टोपणनावाने छापावा, अशी असिमोव्ह यांची विनंती होती. परीक्षक मंडळातील कोणा प्राध्यापकाच्या हाती मासिक पडले आणि हा विद्यार्थी रसायनशास्त्राची थट्टा करतो असा त्याचा ग्रह झाला, तर इतक्या वर्षांच्या कष्टांवर पाणी पडेल ही धास्ती त्यामागे होती. मार्च १९४८ चा अंक बाहेर आला तेव्हा निबंधावर आयझॅक असिमोव्ह हेच नाव होते. रसायनशास्त्र विभागात अंक वाचला गेला आहे, हेही लवकरच त्यांच्या कानावर आले.

मे महिन्यात मौखिक परीक्षा झाली. अशा परीक्षेत उमेदवाराला एकटे उभे राहून प्रबंधाचे समर्थन करावे लागते आणि मंडळातील प्रत्येकाला हवे ते विचारण्याची मुभा असते. प्रश्नोत्तरे संपत आली असता एका परीक्षकाने गंभीर चेहऱ्याने थायोटिमोलिनच्या ऊष्मागतिकीय गुणधर्मांविषयी काही सांगावे, असे सुचवले. असिमोव्ह यांना हसू आवरेना. त्यांना खोलीबाहेर न्यावे लागले. नापास करायच्या विद्यार्थ्याशी परीक्षक अशी थट्टा करणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. थोड्याच वेळात त्यांना 'डॉक्टर असिमोव्ह' म्हणून आत बोलावण्यात आले.

ही हकीकत अनेकदा विनोद म्हणून सांगितली जाते. एका विद्यार्थ्याची पदवी आणि त्याचे लेखन यांचा त्या दिवशी एकाच खोलीत सामना झाला होता, हे तिच्यातले खरे मर्म आहे. परीक्षक उदार होते म्हणून शेवट गोड झाला. तसे नसते तर काय, याची धास्ती असिमोव्ह यांनी काही आठवडे बाळगली होती.

बोस्टनमधील संघर्ष

तसे नसते तर काय, याचा काहीसा अनुभव त्यांना दहा वर्षांनी आला. १९४९ मध्ये ते बोस्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. १९५२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह लिहिलेले त्यांचे पाठ्यपुस्तक निघाले. १९५४ मध्ये 'द केमिकल्स ऑफ लाइफ' हे विकरे, जीवनसत्त्वे आणि संप्रेरके यांवरील पुस्तक तरुण वाचकांसाठी आले. ज्या विकरांवर प्रबंध लिहिला, तीच आता शाळकरी मुलांना समजतील अशा भाषेत मांडलेली होती. १९५५ मध्ये त्यांनी रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी निघणाऱ्या नियतकालिकात मानवी शरीरातील किरणोत्सारितेवर लेख लिहिला. आपल्या शरीरातील पोटॅशियम आणि कार्बन यांचा अत्यल्प भाग किरणोत्सारी असतो आणि हे अणू सतत आपल्या आतच फुटत असतात, हा त्याचा विषय. याच वर्षी ते कायमस्वरूपी सहयोगी प्राध्यापक झाले.

विद्यापीठातील वरिष्ठांना हवे होते ते संशोधन. असिमोव्ह यांचा वेळ अधिकाधिक लेखनात जाऊ लागला होता. त्यांचे म्हणणे असे होते, की संशोधक म्हणून आपण सामान्यच राहू. विज्ञानलेखक म्हणून मात्र आपण अग्रगण्य ठरू शकतो आणि त्यातून विद्यापीठाचाच लौकिक वाढेल. ते मान्य झाले नाही. १९५८ मध्ये त्यांचे नियमित अध्यापन आणि वेतन दोन्ही थांबले. नोकरी कायमस्वरूपी असल्याच्या आधारे झगडून त्यांनी सहयोगी प्राध्यापक हे पद तेवढे राखले. १९७९ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना पूर्ण प्राध्यापकपद दिले.

मधल्या काळात त्यांचे म्हणणे खरे ठरले होते. सोव्हिएत संघाने ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक सोडल्यानंतर अमेरिकेत सामान्य नागरिकांच्या विज्ञानशिक्षणाची निकड जाणवू लागली आणि असिमोव्ह यांनी आपले बळ त्या कामी लावायचे ठरवले. 'द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन' या मासिकात नोव्हेंबर १९५८ पासून त्यांचे विज्ञानविषयक सदर सुरू झाले. त्यात एकूण ३९९ लेख आले. सामान्य लोकांपर्यंत रसायनशास्त्र नेण्याच्या कामाबद्दल अमेरिकन केमिकल सोसायटीने १९६५ मध्ये त्यांना जेम्स ग्रेडी पुरस्कार दिला. ६ एप्रिल १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

लेखनाची रीत

असिमोव्ह यांची रीत पाहायची असेल तर १९६३ मधला रासायनिक नावांवरचा त्यांचा लेख घ्यावा. पॅराडायमिथिलअमिनोबेन्झाल्डिहाइड हे नाव आयर्लंडच्या एका जुन्या नाचाच्या चालीवर तंतोतंत बसते, या गमतीपासून लेख सुरू होतो. पुढे त्या नावाचा एकेक तुकडा सोडवून प्रत्येकाचा उगम सांगितलेला आहे.

यातला बेन्झ हा तुकडा अरबी 'लुबान जावी' म्हणजे जावा बेटाकडचा लोबान यावरून आला. युरोपी व्यापाऱ्यांनी आरंभीचे 'लु' हे आपल्या भाषेतले उपपद समजून गाळले. उरले 'बान जावी'. त्याचे बेन्झॉइन झाले आणि त्यावरून बेन्झीन. मिथिल हा तुकडा ग्रीक भाषेतील मद्य आणि लाकूड या अर्थांच्या शब्दांपासून बनला, कारण मिथिल अल्कोहोल लाकूड तापवून मिळत असे. अमिनो हा शब्द अमोनियातून आला आणि अमोनिया हे नाव इजिप्तच्या अमोन देवाच्या मंदिराजवळ मिळणाऱ्या क्षाराशी जोडलेले आहे. अल्डिहाइड हे हायड्रोजन काढून घेतलेले अल्कोहोल या लॅटिन शब्दप्रयोगाचे आखूड रूप. चार ओळींत वाचकाला जावा, ग्रीस, इजिप्त आणि जर्मनीतील प्रयोगशाळा यांची फेरी घडते आणि घाबरवणारे नाव ओळखीचे होते. या द्रव्याचा उपयोग एर्लिख अभिकारकात होतो आणि त्याने लघवीतील विशिष्ट घटकाची तपासणी करता येते.

१९५९ मधला फॉस्फरसवरचा त्यांचा लेख अधिक गंभीर आहे. सजीवांना फॉस्फरस लागतो आणि त्याला पर्याय नाही. कोळसा संपला तर दुसरी ऊर्जा शोधता येईल, लाकूड संपले तर दुसरे साहित्य वापरता येईल, परंतु फॉस्फरसची जागा कोणीही घेऊ शकत नाही. माणूस मात्र सांडपाण्यातून तो समुद्रात सोडत राहतो. खतांच्या आणि नद्यांच्या प्रश्नावर आज जी चर्चा होते, तिचा हा मुद्दा त्यांनी साठ वर्षांहून अधिक काळापूर्वी सामान्य वाचकांपुढे ठेवला होता.

या दोन्ही लेखांत एक गोष्ट समान आहे. वाचकाला कमी लेखलेले नाही आणि रसायनशास्त्र सोपे करण्यासाठी ते चुकीचेही केलेले नाही. अवघड शब्द टाळण्यापेक्षा तो उलगडून दाखवण्याकडे लेखकाचा कल आहे. ही सवय विद्यार्थिदशेतच लागली, असे म्हणण्यास जागा आहे. कारण विषय आपल्याला आधी का कळत नव्हता, हे विद्यार्थ्याला अजून आठवत असते. पुढे तज्ज्ञ झालेल्या माणसाला अवघड काय होते याचाच विसर पडतो.

टोपणनावाची दुसरी गोष्ट

टोपणनावाचा प्रसंग मराठी विज्ञानसाहित्यातही घडला आहे, पण उलट कारणाने. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती कथा डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची होती. आद्याक्षरे उलट करून त्यांनी ते नाव घेतले होते आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला यांच्याकडून लिहून घेतली होती. प्रस्थापित शास्त्रज्ञाचे नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, हा त्यांचा हेतू होता. असिमोव्ह यांना आपले नाव झाकायचे होते ते पदवी वाचवण्यासाठी. नाव झालेल्या शास्त्रज्ञाला लोकांसाठी लिहिणे शोभते आणि विद्यार्थ्याला ते धोक्याचे वाटते, हा फरक या दोन प्रसंगांत स्पष्ट दिसतो.

प्रबंधातच एक प्रकरण

हा धोका कमी करण्याचे काही प्रयत्न नंतर झाले. अमेरिकन असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स ही संस्था १९७५ पासून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात वृत्तपत्रे व अन्य माध्यमांच्या कार्यालयांत काम करण्यासाठी पाठवते. तेथे विद्यार्थी बातमीदारांसोबत बसून मुदतीत, मोजक्या शब्दांत लिहिण्यास शिकतो.

रसायनशास्त्रापुरता सर्वांत थेट उपाय विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील आवारात योजला गेला. मूळचे लेबनॉनचे असलेले आणि २०१२ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झालेले प्राध्यापक बासम शाखाशिरी यांनी तेथे विज्ञानसाक्षरतेचा उपक्रम उभारला. २०१० पासून या उपक्रमातर्फे रसायनशास्त्राच्या पीएच.डी. उमेदवारांना आपल्या प्रबंधात एक प्रकरण सामान्य वाचकांसाठी लिहिण्यास प्रोत्साहन दिले जाते. घरची माणसे, मित्र, वृत्तपत्रांचे बातमीदार आणि कायदे करणारे लोकप्रतिनिधी यांना आपले संशोधन समजावे, ही त्या प्रकरणाची अपेक्षा. बाकीची प्रकरणे तज्ज्ञांसाठी आणि हे एक इतरांसाठी, पण दोन्ही एकाच बांधणीत. असिमोव्ह यांना जे टोपणनावाआड ठेवावेसे वाटले, ते येथे पदवीच्या कागदपत्रांचाच भाग झाले.

भारतात केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये 'अवसर' ही योजना सुरू केली. पीएच.डी. करणाऱ्या आणि पीएच.डी.नंतर संशोधन करणाऱ्या अभ्यासकांनी स्वतःच्या संशोधनावर लोकांना समजेल असा लेख लिहायचा, असे तिचे स्वरूप. निवडलेल्या शंभर पीएच.डी. विद्यार्थ्यांना प्रत्येकी १०,००० रुपये आणि पहिल्या तिघांना अनुक्रमे १ लाख, ५० हजार व २५ हजार रुपये अशी पारितोषिके योजण्यात आली. रकमेपेक्षा त्यामागची मान्यता महत्त्वाची होती. असे लेखन हे संशोधनाच्या कामातच मोडते, असा निर्वाळा सरकारी खात्याने दिला होता.

मराठी विद्यार्थ्यापुढील प्रश्न

मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि महाराष्ट्रातील विद्यापीठे यांतून निघालेले अनेक विद्यार्थी अमेरिका आणि युरोपातील प्रयोगशाळांत काम करतात. त्यांचे संशोधन इंग्रजीत होते, प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो. घरी दूरध्वनीवर 'नक्की काय करतोस?' किंवा 'नक्की काय करतेस?' असा प्रश्न आला की उत्तर 'तुम्हाला नाही समजणार' येथेच थांबण्याचा संभव असतो. ज्या आईवडिलांनी शिक्षणासाठी खस्ता खाल्ल्या, तेच त्या शिक्षणाच्या आशयाबाहेर राहतात.

मराठीत रसायनशास्त्र सांगता येत नाही, ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. किराणा आणि काष्ठौषधींच्या दुकानांत तुरटी, मोरचूद, हिराकस, नवसागर, पापडखार, लोबान आणि कात ही रसायने पिढ्यान्‌पिढ्या विकली गेली आहेत. असिमोव्ह यांना अमोनियाचा उगम सांगण्यासाठी इजिप्तच्या मंदिरापर्यंत जावे लागले; मराठी लेखकाला त्याच क्षारासाठी कल्हईवाल्याकडचा नवसागर दाखवता येतो. बेन्झीनसाठी संध्याकाळी घरात फिरवलेला धूप आहे, कॅटेकॉलसाठी कात आहे आणि टायरोसिनेजसाठी पाण्यात टाकलेली वांग्याची फोड आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद व्याख्याने, स्पर्धा आणि आपली पत्रिका यांतून या दिशेने दीर्घकाळ काम करत आली आहे. परदेशी प्रयोगशाळेत बसलेल्या संशोधक विद्यार्थ्याच्या लेखणीला तेथे वाव आहे.

असिमोव्ह यांच्या प्रबंधाची प्रत आज विकरांचे मोजके अभ्यासक सोडल्यास कोणी उघडत नाही. त्याच काळात, त्याच टेबलावर, त्याच स्फटिकांवरून सुचलेला थायोटिमोलिनचा निबंध मात्र पाऊणशे वर्षांनंतरही वाचला जातो. प्रबंधाने त्यांना पदवी दिली. निबंधाने त्यांना हे शिकवले, की प्रयोगशाळेबाहेरचा वाचक रसायनशास्त्रावरचे लिखाण आवडीने वाचतो. त्याच्यापर्यंत ते कोणीतरी पोहोचवायला हवे.